बरणीकडे तोंड

१

सकाळी दवाखान्यात गेलं की माझं पहिलं काम बशा उकळणं. काचेच्या झाकणाच्या बशा. त्यांना प्लेट म्हणतात, पण मी बशीच म्हणतो अन् लॅबच्या मॅडमला समजतं. कालच्या बशांत जंतू वाढलेले असतात. त्या झाकणासकट मोठ्या कुकरमध्ये टाकायच्या, वाफ धरायची. शिट्टी नाही त्याला, दाबाची सुई पाहत बसावं लागतं. मग घासायच्या, सुकवायच्या. मॅडम त्यांत अगर म्हणून जंतूंचं खाणं ओततात, ते थंड होऊन घट्ट बसतं. त्यावर जंतू सारवतात अन् बशी उबेच्या कपाटात ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्याकडे.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरनं मारलं, मी त्याची छडी मोडली, शाळा संपली. जबलपूरच्या गोहलपुरात आमच्या गल्लीतले खराद मशीनवाले, लेथवर लोखंड कातणारे, विचारत, "शालिग्रामजी, लॅबोरेटरी में करते क्या हो?" मी म्हणायचो, तुमची घाण उकळतो. त्यापुढं कोणी विचारत नसे.

भूकंप होऊन वर्ष झालं होतं. दवाखान्याच्या भिंतीतल्या भेगा तशाच होत्या. भरू भरू म्हणत कोणी भरल्या नव्हत्या. त्या उन्हाळ्यात माझी बायको शकु वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात पडून होती. पित्ताचे खडे काढले. खडे गेले, जखम राहिली. पोटावरचे टाके सुटले, आत पू झाला. सुया दिल्या. महागाच्या दिल्या, मग त्याहून महागाच्या. जखम काही ऐकेना.

आमच्या विनता मॅडम जबलपूरच्याच, जुन्या मराठी घरातल्या. वयानं माझ्या लेकीसारख्या. मराठी सगळी समजते त्यांना, बोलताना अर्धी हिंदीत जाते. एक दिवस त्यांनी मला स्टुलावर बसवलं. मला स्टूल देणाऱ्या माणसाचं बोलणं कधी चांगलं नसतं.

"बाबा, काकूंच्या जखमेतला जंतू आहे ना, उस पर कोई दवा नहीं चल रही. एकपण नाही."

"मग?"

"आता सुया सोडा. बाहेरून धुऊन मारता येतो का ते पाहू. जितके जंतुनाशक मिळतील तितके त्याच्यावर लावून बघते. एक जरी चाललं, तर जखम त्यानंच धुवायची."

"अन् एकही नाही चाललं तर?"

मॅडमनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खाली काच ठेवलेली नव्हती.

२

ही परीक्षा सोपी असते. कागदाच्या गोल चकत्या असतात, टिकलीपेक्षा लहान. एकेक चकती एकेका औषधात भिजवायची अन् जंतू सारवलेल्या बशीत ठेवायची. औषध चाललं तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, चंद्राला खळं पडतं तसा स्वच्छ गोल पडतो. नाही चाललं तर जंतू चकतीला येऊन भिडतात. मॅडम पट्टी लावून गोल मोजतात.

मॅडमनं शकुच्या जखमेतला जंतू सारवला. फिनेल, स्पिरिट, कार्बोलिक, कंपन्यांच्या नमुन्याच्या बाटल्या, सगळ्यांच्या चकत्या लावल्या. एक बशी राहिली म्हणून तिच्यात वॉर्डातल्या लाल औषधाची चकती लावली. शकुची जखम रोज त्या लाल औषधानंच धुवत होते. वाटीभर मीच मॅडमला आणून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. बशा काढून खिडकीशी धरल्या. फिनेलच्या बशीत जंतू चकतीला भिडलेले. कार्बोलिकच्याही तसेच. शेवटी लाल औषधाची बशी धरली.

बशी स्वच्छ होती. मला वाटलं, मिळालं. धावत मॅडमकडे जायला निघालो, अन् चष्मा वर करून पुन्हा पाहिलं.

स्वच्छ होती ती चकती सोडून. सगळे जंतू चकतीभोवती होते. पिवळसर, जाड, उंचवट्यासारखे, एकाला एक लागून. उन्हाळ्यात हौदाभोवती गुरं डोकी घालून उभी असतात तसे. बाकीच्या बशीत एक ठिपका नव्हता.

मॅडमनं बशी घेतली अन् झाकण काढून जवळून पाहिली.

"सारवताना राहिलं असेल," मी म्हटलं.

"मीच सारवलं, बाबा. सगळीकडे सारवलं."

त्यांनी पुन्हा केलं. ह्या खेपेला चकती मधोमध ठेवली नाही, एका काठाला ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळे जंतू त्या काठाला. पलीकडचा काठ घासून ठेवल्यासारखा.

"पलीकडचे मेले असतील," मी म्हटलं.

"तिकडे तर औषध नव्हतंच. मरतील कशानं?" त्या बशी फिरवत म्हणाल्या. "ये मरे नहीं हैं. ये गए हैं."

"जंतू चालतात?"

"काही चालतात थोडेसे. इतके नाही चालत." मग माझं तोंड पाहून हसल्यासारखं केलं. "घाबरू नका. काही जंतू औषधातच राहायला शिकतात, त्याच्यावरच जगतात. किताबों में है. म्हणजे ते लाल औषध खराब झालं आहे. ते कुठून आणलं तुम्ही?"

"बरणीतून."

"बरणी कधी धुतात?"

मला माहीत नव्हतं. मी विचारायला वर गेलो.

३

वॉर्डाच्या टोकाला ड्रेसिंगची खोली. आत एक टेबल, एक मोरी, अन् कोपऱ्यात ती बरणी. लोणच्याची असते तशी चिनी मातीची, पण माझ्या कमरेला लागेल एवढी. कोणी आणली कोणास ठाऊक. लाकडाचं झाकण. वाटीनं लाल औषध काढायचं, जखमा धुवायच्या, झाकण लावायचं. भूकंपात त्या खोलीची भिंत वरून खालपर्यंत तडकली, बरणीला ओरखडा नाही.

वॉर्डाची आया भानुमती, मझौलीची. तोंडानं तिखट, हातानं साफ. ती बरणीत नव्या डब्यातलं औषध ओतत होती.

"भानुमती, ही बरणी धुता कधी?"

"धोना काहे को? दवाई है, शालिग्राम भैया. दवाई को कौन धोता है?"

"पण रिकामी होत असेल कधीतरी."

तिनं डबा खाली ठेवला. "शुभ शुभ बोलो. बीमारों का घर है. नमक की हंडी और दवाई की बरणी, इनका तला नहीं देखते. आधी हुई, भर दी. मुझसे पहले मेरी सास थी यहां. उसने तला नहीं देखा, मैंने नहीं देखा. तुम देखोगे?"

खोटं काय बोलायचं, मला तिचं म्हणणं बरोबर वाटलं. आमच्याही घरी मीठ संपू देत नाहीत. तळाशी चार खडे असतानाच वरून नवं पडतं. माझ्या आईनं तसं केलं, शकु तसं करते. जुन्यावर नवं ओतायचं, जुनं हलवायचं नाही. बायांनी बरणीला तोच न्याय लावला, दुसरं काही नाही.

मॅडमसाठी आणखी वाटीभर काढून न्यावं म्हणून मी झाकण उचललं. वास आला. मोहाची फुलं झाडाखाली पडून दोन दिवस उन्हात राहिली की येतो तसा गोडसर, डोक्यात जाणारा. औषधाचा वास तिखट पाहिजे. मी वाटी टेकवली.

पाण्याला काही लागलं की लाटा बाहेर जातात. हे मला शाळेनं नाही शिकवलं, नर्मदेवर शिकलो. त्या दिवशी बरणीत लाटा काठावरून निघाल्या अन् वाटीकडे आल्या. बारीक, लागोपाठ. वाटीला येऊन थांबल्या.

माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी तो डोळा मिटून पाहिलं. तोवर सगळं शांत झालं होतं. मी वाटी भरून न घेताच झाकण लावलं.

"क्या हुआ?" भानुमतीनं विचारलं.

"काही नाही. तुझी बरणी सांभाळ."

"मैं सम्हालूं?" ती हसली. "वो हमको सम्हालती है."

४

तिथून शकुकडे गेलो. तिची खाट खिडकीपाशी. थरमास उघडून चहा दिला.

"साखर घातली की नुसती दाखवली?" ती म्हणाली.

बरं वाटलं मला. ती टोमणे मारते तोवर ठीक आहे.

"दुखतं का?"

"नाही. दुखणं थांबलं."

"पू?"

"पू आहे. पण दुखत नाही नं आता. सकाळी जखम धुतात तेव्हा इतकं थंड वाटते, काय सांगू. मी तर म्हणते दोनदा धुवा. त्या म्हणतात, काकू, रांग आहे." अन् लाजल्यासारखी हसली. लाजण्यासारखं त्यात काय होतं?

मी पट्टी उचलून पाहिली. पाहू नये तेच पाहिलं. जखम कालच्यापेक्षा मोठी झाली होती. कडा पांढऱ्या, आत खोल. एवढ्या जखमेचा माणूस विव्हळत असतो. ही फुंकर मारत चहा पिऊन राहिली होती.

मग ध्यानात आलं की ती उजव्या कुशीवर आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, ही बाई भिंतीकडे तोंड करून निजते. झोपलेली कोणी पाहिलेली चालत नाही तिला. इथंही भिंतीकडेच निजायची. आता तोंड वॉर्डाच्या टोकाकडे होतं.

"तिकडं काय पाहून राहिली?"

"कुठं?"

"दाराकडं. ड्रेसिंगच्या."

"तिकडं दार आहे का?" तिनं विचारलं. थट्टा नव्हती त्यात.

मी वॉर्डावरून नजर फिरवली. उन्हाची वेळ, कूलर घरघरत होता, बायका आडव्या झाल्या होत्या. सगळ्यांची तोंडं एकीकडे. उजव्या रांगेतल्या उजव्या कुशीवर, डाव्या रांगेतल्या डाव्या. शहपुऱ्याची एक तरणी बाई होती, इंदिरा. स्टोव्हनं तिची डावी बाजू भाजलेली. त्या बाजूला चादर लागली तरी रडायची. ती त्याच बाजूवर निजली होती, कारण नाहीतर तोंड तिकडे होत नव्हतं. चादर ओली झाली होती. चेहरा शांत.

झोपेत कोणी कसंही निजेल, मी मनाशी म्हटलं. कूलरची हवा तिकडून येत असेल. हात धरून पाहिला. हवा उलट्या बाजूनं येत होती.

उठताना पाय खाटेला अडखळला. खाली पाहिलं तर फरशीवर पांढरे ओरखडे. खाटेच्या चारही पायांपाशी, ताजे. शेजारच्या खाटेखाली तसेच. पलीकडच्या खाटेखालीही. सगळे ओरखडे टोकाच्या दाराकडे गेलेले, थोडे थोडे.

भानुमती फरशी पुसायचा पोचारा घेऊन आली होती. "खाटा कोण ओढतं?" मी विचारलं.

"कोई नहीं. सरक जाती हैं. फर्श का ढाल है." तिनं एक खाट दोन्ही हातांनी मागं ढकलली, रोजचं काम असल्यासारखी. "सबेरे सीधी कर देती हूं."

फरशीचा उतार खिडकीकडे आहे. पोचाऱ्याचं पाणी माझ्या चपलेकडे वाहत आलं.

५

मॅडमनं माझं सगळं ऐकून घेतलं. लाटांचं सांगितलं नाही, बाकीचं सांगितलं. त्यांनी तोंडांचं अन् खाटांचं सोडून दिलं अन् बरणीचं धरलं. बरोबरच होतं त्यांचं. शिकलेल्या माणसानं धरता येतं तेच धरावं.

"बाबा, उसी बरणी में है. काकूंच्या जखमेत तिथूनच रोज जातो. आपण रोज तिला धुऊन आजारी करून राहिलो." त्या बशी घेऊन खिडकीशी आल्या. "आणि हे पहा."

त्या बशीतल्या चकतीभोवती गोल होता. लहान, पण स्वच्छ. खरा गोल.

"कशाचा?"

"ब्लीचिंग पावडरचं पाणी. पातळ करून जखमेला चालतं. काकू वाचू शकतात. पण आधी बरणी गेली पाहिजे. तिकडून रोज नवीन जात राहिलं तर काही उपयोग नाही. और टाइम ज्यादा नहीं है, बाबा. जखम आत चालली आहे."

पुढच्या ड्रेसिंगआधी, आजच, बरणी रिकामी करायचं ठरलं. मागच्या अंगणात जाळण्याचा खड्डा आहे, त्याची किल्ली दवाखान्याच्या मोठ्या साहेबांकडे. मॅडम किल्ली आणायला गेल्या. मला म्हणाल्या, मी येईपर्यंत हात लावू नका, हातमोजे घालून दोघं मिळून करू.

मी वर गेलो. शकु जागी होती, त्याच कुशीवर.

"आज ती बरणी ओतून टाकायची," मी म्हटलं. "मग नवं औषध. मॅडम म्हणते तू बरी होशील."

ती झटक्यात उठून बसली. पोट फाटलेली बाई, आधाराशिवाय उठून बसली.

"नका ओतू."

"काहून?"

"नका ओतू म्हणते नं."

"अवं, त्यातच घाण आहे. तुझी जखम त्यानंच सडून राहिली."

"असू द्या." तिनं माझी बाही धरली. "मग जायचं कुठं?"

"कोणी जायचं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. मग बाही सोडली, पदर सारखा केला. "साखर आणा येताना," म्हणाली. "चमचाभर नका आणू, पुडी आणा."

मी साखर आणायला खाली गेलो. तेवढं तरी करावं म्हटलं. टपरीवाल्यानं बोलण्यात अडकवलं, शिव्या दिल्या त्याला अन् परत आलो.

६

वॉर्डात कोणी नव्हतं.

भर दुपार. कूलर घरघरत होता. खाटा रिकाम्या, चादरी नीट ओढलेल्या. सगळ्या खाटा टोकाच्या दारापाशी जाऊन एकमेकींना लागल्या होत्या. एवढी मोठी वॉर्डाची खोली अलीकडे सबंध मोकळी. नुसती फरशी, पुसलेली.

मोहाचा वास इतका होता की जीभ गोड झाली.

ज्यांना चालता येत नव्हतं त्यासुद्धा आत होत्या. ड्रेसिंगच्या खोलीत, बरणीभोवती. खांद्याला खांदा लावून, डोकी खाली घालून. बरणीचं झाकण काढलेलं. कोणी हात लावत नव्हतं, काही पीत नव्हतं, काही म्हणत नव्हतं. नुसत्या जितकं जवळ जाता येईल तितक्या जवळ. मागच्या पुढच्यांना रेटत होत्या, हळू, दाटीत माणसं रेटतात तशा नाही, पीठ फुगतं तशा. इंदिराची भाजलेली बाजू दुसरीच्या अंगाला चिकटली होती. भानुमतीही त्यांत होती. पोचारा दाराशी पडला होता.

शकु आतल्या ओळीत होती. तिनं मान वळवली नाही, पण हात मागं केला, मी तिथं आहे हे माहीत असल्यासारखा. तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा होती. बसमध्ये आपल्या माणसासाठी धरून ठेवतात तशी.

"या नं," ती म्हणाली.

मॅडम येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. पण मला तिची पाठ दिसत होती. पातळावर पोटाकडून मागं आलेला ओला डाग दिसत होता. दुसरं काही दिसत नव्हतं.

"सरका," मी ओरडलो. "व्हा बाजूला, मेल्यांनो."

त्या सरकल्या. रागावल्या नाहीत, घाबरल्या नाहीत, सरकल्या, अन् मी आत आल्यावर मागून पुन्हा मिळाल्या. मी बरणीला मिठी मारली अन् तिरपी केली. मोरी दोन पावलांवर. लाल औषध धो धो वाहिलं. बायका हूं की चूं नाही. त्यांचे श्वास तेवढे माझ्या मानेवर, सगळ्यांचे एकदम, एकाच लयीत.

बरणी हलकी होईना. ओतणं थांबलं तरी तळाशी वजन होतं. उलटी केली, आपटली. आत काही होतं ते निघेना. मी बाही वर केली अन् हात घातला. कोपरापर्यंत, मग त्याच्या वर.

तळ गरम होता.

बोटांना मऊ लागलं. गाळ म्हणावा तर गाळ जागच्या जागी राहतो. ह्यानं मला धरलं नाही. धरलं असतं तर ओढून काढलं असतं, आयुष्यभर तेच केलं आहे. ते नुसतं हाताकडे आलं. चहूकडून, तळाच्या काठाकाठानं, हळूहळू, बोटांमधून वर, मनगटाशी. लहान मूल झोपेत आईच्या अंगाकडे येतं तसं. मी हात मागं घेतला तेव्हा हातावर लाल पाण्याशिवाय काही नव्हतं. बरणी हलकी झाली होती. आत डोकावलो. पांढरा तळ, कोरडा.

मागं वळलो. बायकांनी बरणीकडे पाहणं सोडलं होतं.

"सब लोग यहां क्या कर रहे हैं?" दारातून मॅडमचा आवाज आला. त्यांच्या हातात किल्ली होती.

"पानी पीने आए थे," भानुमती म्हणाली.

एकेक करून त्या आपापल्या खाटेकडे गेल्या. मागं पाहत पाहत गेल्या.

७

बरणी फोडून खड्ड्यात चुन्याखाली पुरली. जखमा ब्लीचिंगच्या पाण्यानं धुतल्या. मॅडमचं खरं ठरलं, हे मी कोणापुढंही सांगेन. शकुची जखम भरली. इंदिराची कातडी धरली. वॉर्डातली एकही बाई दगावली नाही. मॅडमनं सगळ्यांच्या जखमांतून नमुने घेतले, बशा लावल्या, काही उगवलं नाही. नुसतं अगर. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, तुमच्या हाताचा पण नमुना द्या. हातमोजे न घालता केलंत."

"साबणानं धुतला," मी म्हटलं.

"तरी."

"उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी मी उबेचं कपाट उघडलं. त्यात वेगवेगळ्या माणसांच्या बशा होत्या, कोणाच्या लघवीतला जंतू, कोणाच्या घशातला. लाल औषधाशी कशाचा संबंध नाही. प्रत्येक बशीत जंतू एका काठाला गोळा झाले होते. दाराकडच्या काठाला. मी उभा होतो त्या बाजूला. मी कपाटाच्या डावीकडे जाऊन उभा राहिलो अन् वाट पाहिली. मग पाहायचं नाही म्हणून दार लावलं अन् घरी आलो. पुन्हा गेलो नाही. मॅडमनं दोनदा माणूस पाठवला. त्याला शिव्या देऊन परत लावला. त्यांनी मला बशीत पाहू नये एवढंच मला पाहिजे.

शकु घरी आहे. खाते, भांडते, साखरेवरून बोलते. तब्येत लग्नात होती त्याहून चांगली. दुपारी मी समोरच्या खोलीत पडलो की ती इकडं तोंड करून निजते. मागच्या खोलीत खाट नेली तर तिकडं तोंड करून. तिला विचारून काही फायदा नाही, तिला ठाऊकच नसतं. माझ्या तोंडाकडं नाही पाहत ती. हाताकडं पाहते. मी हाताला टॉवेल गुंडाळून ठेवतो. गल्लीत सांगितलं, वात आहे.

मागच्या महिन्यापासून बायका येऊन राहिल्या. आधी इंदिरा आली, शहपुऱ्याहून बसनं, पेरू घेऊन. "काकी को देखने आई," म्हणाली, अन् ओसरीवर बसली. मग भानुमती. मग आणखी. कोणी मुरमुरे आणते, कोणी वांगी. बसतात, शकु चहा करते, बोलणं फार नाही. संध्याकाळची बस चुकते, तरी उठत नाहीत. हाकलून पाहिलं. राग नाही येत त्यांना.

काल दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली तर शकु खाटेशी खाली बसून टॉवेल सोडत होती, हळू, पट्टी सोडतात तशी.

"काय करून राहिली?"

"थंड आहे," ती म्हणाली. तिनं माझा तळवा गालाला लावला अन् डोळे मिटले.

चाळीस वर्षांत ह्या बाईनं माझा हात धरला नव्हता. लग्नात धरला तो भटजीनं धरवला. तिचा गाल गरम होता, भरलेला, जिवंत. उन्हाळ्यात तिच्या खाटेशी बसून मी दुसरं काय मागत होतो? मला हात काढून घेता आला असता. ताकद आहे अजून.

ओसरीवर साड्यांची सळसळ झाली. त्या उठल्या होत्या. उंबऱ्यात ऊन होतं, ते एकेक करून झाकत गेलं. शकुनं डोळे न उघडता थोडी बाजूला सरकून जागा केली.

"या नं," ती त्यांना म्हणाली. "हळूहळू या. ते कुठं जाऊन राहिले?"